संयुक्त मानापमानाचे तिकीट

बंगळूर शहराच्या दक्षिणेला, होसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, इलेक्ट्रॉनिक सिटी नावाची एक मोठी उद्योगवसाहत आहे. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या अखेरीस कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स या महामंडळाने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या दोन खेड्यांच्या परिसरातील ३३२ एकर जमिनीवर ती वसविली. आज तेथे संगणकाच्या व्यवसायातील लाखो माणसे काम करतात आणि त्यांत मराठी माणसे पुष्कळ आहेत. सरकारी नोकरीतील बदलीमुळे मीही या वसाहतीच्या शेजारी एका मोठ्या इमारतीत राहावयास आलो. आमच्या इमारतीत अकरा मराठी बिऱ्हाडे आहेत. गणपती, कोजागिरी आणि मुंबई-पुण्याहून येणारी नाटके एवढ्या तीन निमित्तांनी आम्ही सारे एकत्र येतो.

असेच एक नाटक येणार अशी वार्ता मध्यंतरी आली. त्यातील मुख्य नट चित्रपटांमुळे आणि दूरचित्रवाणीच्या मालिकांमुळे घराघरांत ठाऊक झालेला. पाठोपाठ तिकिटांचे दर कळले. पुढच्या ओळींचा दर चार आकडी होता आणि अगदी मागच्या ओळीचाही असा, की चौघांच्या कुटुंबाने आधी हिशेब करावा आणि मग हौस करावी. त्या संध्याकाळी खालच्या बागेत दोन तट पडले. एक तरुण अभियंता म्हणाला, "काका, इथल्या हॉटेलात एका जेवणाला आपण एवढे देतो. वर्षातून एकदा मराठी नाटक पाहायचे, तर कुरकुर कशाला?" मुलाकडे राहावयास आलेले साताऱ्याकडचे एक निवृत्त शिक्षक मात्र चिडले होते. ते म्हणाले, "अहो, साक्षात बालगंधर्वांच्या खेळालासुद्धा कोणी एवढे मोजले नसतील!"

गुरुजींचे वय आणि त्यांचा संताप पाहता मी गप्प राहावयास हवे होते. पण सरकारी नोकरीत आकडा चुकलेला पाहवत नाही. मी म्हणालो, "गुरुजी, मोजले होते. याहून पुष्कळ अधिक मोजले होते, आणि तेही हसत हसत." त्या रात्रीची ही हकीकत आहे. तिच्याशी माझ्या घराचाही थोडा संबंध आहे, तो पुढे सांगेन.

तारीख ८ जुलै १९२१. स्थळ मुंबईच्या ग्रँट रोडवरचे बालीवाला थिएटर. नाटक संगीत मानापमान. हे नाटक तेव्हा नवे नव्हते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने प्रथम रंगभूमीवर आणले, त्याला दहा वर्षे होऊन गेली होती. त्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांचे अपत्य निवर्तले आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही हकीकत मराठी माणसाला पाठ आहे. गोविंदराव टेंब्यांच्या चाली एव्हाना गावोगावच्या ओठांवर बसल्या होत्या. मग १९२१ मधील प्रयोगात नवे ते काय होते? नवे एवढेच, की त्या रात्री मराठी रंगभूमीवरील दोन स्पर्धक मंडळी एका पडद्याआड एकत्र आली. गंधर्व नाटक मंडळीचे नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, भामिनी झाले आणि ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर झाले. म्हणून हे ‘संयुक्त’ मानापमान.

त्या काळच्या नाटकमंडळ्यांची चढाओढ आज समजणे थोडे अवघड आहे. नाटक मंडळी म्हणजे एक स्वतंत्र संस्थानच असे. तिचे स्वतःचे बिऱ्हाड, स्वतःचा मुदपाकखाना, स्वतःचे पडदे आणि स्वतःचे कर्ज. किर्लोस्कर मंडळीतून फुटून १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व मंडळी काढली, तेव्हा महाराष्ट्रात घर फुटल्यासारखी चर्चा झाली होती. ललितकलादर्श त्याआधीची, १९०८ सालची. तिची स्थापना कर्नाटकात हुबळीस झाली. बंगळूरच्या मराठी माणसाने ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. कारण मराठी नाटक आणि कन्नड भूमी यांचे नाते आपण समजतो त्याहून जुने आहे. सांगलीस विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सीतास्वयंवर केले, त्याआधी कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या राजांनी पाहिले होते, आणि तसेच काही मराठीत व्हावे असे त्यांच्या मनाने घेतले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे गाव गुर्लहोसूर, तेही कन्नड मुलुखातच. अण्णासाहेब बेळगावास महसूल खात्याच्या कचेरीत नोकरीस होते. १८८० साली शाकुंतल रंगभूमीवर आणणारा हा पुरुष आमच्याच जातीचा, म्हणजे कारकुनीच्या जातीचा, होता याचा मला नेहमी आनंद वाटतो.

केशवराव भोसले कोल्हापूरचे. जन्म १८९०. गरिबीमुळे लहानपणीच ते नाटकमंडळीत गेले आणि देवलांच्या शारदेच्या भूमिकेत बालवयातच नाव कमावते झाले. त्यांच्या गळ्याचा पल्ला, तानेची फेक आणि रंगभूमीवर पाऊल टाकताच सभागृह ताब्यात घेण्याची धमक यांचे वर्णन जुन्या माणसांनी भरभरून केले आहे. बालगंधर्वांचे गाणे वेगळ्या जातीचे. ते जिंकून घेत नसे, आपलेसे करून घेई. या दोन गायकांचे चाहते म्हणजे दोन पंथ होते. एका घरात दोन भाऊ दोन पंथांचे असत आणि जेवताना वाद होऊ नये म्हणून आईने विषय बदलावा, अशी परिस्थिती. या दोघांना एकाच रात्री, एकाच नाटकात, समोरासमोर ऐकावयास मिळणार, हे स्वप्नातही कोणी पाहिले नव्हते.

हे घडले ते एका फंडासाठी. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक निवर्तले. पुढल्या वर्षी मार्चअखेर बेझवाड्यास काँग्रेसच्या महासमितीने ठराव केला, की टिळकांच्या स्मरणार्थ ३० जून १९२१ पर्यंत टिळक स्वराज्य फंडात एक कोटी रुपये जमवावयाचे. महात्मा गांधींनी हा आकडा जाहीर केला तेव्हा तो अनेकांना अशक्य वाटला. परंतु तो जमला आणि त्यात मुंबईचा वाटा फार मोठा होता. बायकांनी अंगावरचे दागिने दिले, गिरणी कामगारांनी आणे दिले, व्यापाऱ्यांनी थैल्या दिल्या. संयुक्त मानापमानाचे उत्पन्नही याच फंडाला जावयाचे होते. बालगंधर्व ही पदवी ज्यांच्या मुखातून निघाली ते लोकमान्य, नाटककार खाडिलकर लोकमान्यांचे केसरीतील सहकारी, आणि फंड लोकमान्यांच्या नावाचा. असा योग जुळून आला होता.

आता तिकिटाकडे वळू. मराठी नाटकाला तिकीट हे पहिल्यापासून नव्हते. सांगलीच्या राजाच्या आश्रयात तिकीट कसले? आश्रयदाते चिंतामणराव पटवर्धन १८५१ साली वारले आणि भाव्यांची मंडळी पोटासाठी बाहेर पडली. १८५३ साली मुंबईस ग्रँट रोडवरील नाटकगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. राजाच्या जागी प्रेक्षक आला तो असा. ज्या ग्रँट रोडवर मराठी नाटकाने पैसे घेण्यास आरंभ केला, त्याच रस्त्यावर ६८ वर्षांनी त्याने सर्वांत मोठी किंमत मागितली, हा योगायोग मला मौजेचा वाटतो.

नेहमीच्या खेळाला पिटातल्या प्रेक्षकास काही आणे पडत, पुढच्या खुर्च्यांना काही रुपये. संयुक्त मानापमानाचे दर याच्या कितीतरी पट होते. उत्तम जागेचे तिकीट शंभर रुपये होते असे त्या काळच्या आठवणींतून सांगितले जाते, आणि एका रात्रीचे उत्पन्न सोळा हजारांच्या वर गेले असेही. आज शंभर रुपयांत चहा आणि वडा येतो, म्हणून या आकड्याचे वजन कळत नाही. ते कळावे म्हणून एक सरकारी अहवाल उघडतो. १९२१ आणि १९२२ या वर्षांत मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने शहरातील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तिचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. तीत कुटुंबाची सरासरी मासिक प्राप्ती ५२ रुपये, ४ आणे, ६ पै अशी निघाली. एका माणसाची नव्हे, साऱ्या कुटुंबाची. म्हणजे बालीवाला थिएटरातील एका खुर्चीत, एका रात्रीपुरते, गिरणगावातील एका घराचे जवळजवळ दोन महिने बसले होते.

आणि तरीही दंगा झाला नाही, सभा भरली नाही, कोणी निषेध केला असे आठवणींत येत नाही. उलट तिकिटे मिळविण्यासाठी धडपड झाली. हे असे का व्हावे? मला वाटते, याचे उत्तर शोधताना शंभर वर्षे मागे, लंडनला जाऊन यावे लागते.

लंडनचे कोव्हेंट गार्डन नाटकगृह १८०८ साली जळाले. वर्षभरात नवे भव्य नाटकगृह उभे राहिले आणि १८ सप्टेंबर १८०९ रोजी मॅक्बेथच्या प्रयोगाने ते उघडले. व्यवस्थापक होते प्रख्यात नट जॉन केम्बल. खर्च भागावा म्हणून त्यांनी बॉक्सचा दर सहा शिलिंगांवरून सात केला आणि पिटाचा साडेतीन शिलिंगांवरून चार. वाढ केवढी? पिटात अर्ध्या शिलिंगाची. पण पडदा उघडताच प्रेक्षकांनी जो गोंधळ आरंभिला त्यात मॅक्बेथचे एक अक्षर ऐकू आले नाही. लोक खुळखुळे, घंटा आणि शिंगे घेऊन येत, पाट्या फडकावीत, रंगभूमीकडे पाठ करून नाचत. हा प्रकार ६७ रात्री चालला. त्यांचे म्हणणे दरापुरते नव्हते. धनिकांसाठी खासगी बॉक्सांचा एक सबंध मजला वाढविला होता आणि त्यापायी गरिबांची गॅलरी इतकी वर आणि अडचणीत गेली होती, की तिला लोक कबुतरांची खोपटी म्हणू लागले. शिवाय कातालानी नावाच्या प्रसिद्ध इटालियन गायिकेला भरमसाट मोबदला देऊन बोलावल्याची बातमी होती. एका तारकेच्या थैलीसाठी आम्ही अधिक का द्यावे, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता.

माझ्यासारख्या माणसाला यातला एक तपशील फार आवडतो. केम्बलने काही दिवस नाटकगृह बंद ठेवून हिशेबाच्या वह्या तपासण्यासाठी एक समिती नेमली. तीत बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नरही होते. समितीने सांगितले, की नफा बेताचाच आहे. प्रेक्षकांनी तो अहवाल मानला नाही. शेवटी केम्बलला नमावे लागले. पिटाचा दर पुन्हा साडेतीन शिलिंग झाला, कातालानीचा करार मोडला, आणि बॉक्सचे मात्र सात शिलिंग कायम राहिले. श्रीमंतांनी अधिक द्यावे याला कोणाचाच विरोध नव्हता.

लंडनचे लोक अर्ध्या शिलिंगासाठी ६७ रात्री भांडले आणि मुंबईच्या लोकांनी शंभर रुपये हसत दिले, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की उलगडा होऊ लागतो. लंडनच्या प्रेक्षकाला आपला पैसा कोठे जातो हे पसंत नव्हते, आणि नाटकगृहावरचा आपला हक्क कोणी काढून घेत आहे असे वाटत होते. मुंबईच्या प्रेक्षकाला पैसा कोठे जातो हे ठाऊक होते. ते तिकीट नव्हतेच. ती देणगी होती, आणि तिच्या पोचपावतीवर बालगंधर्व व केशवराव यांचे गाणे मिळत होते. एक कोटीच्या फंडात सोळा हजार म्हणजे सहाशेवा हिस्सासुद्धा नव्हे. फंड काही त्या नाटकावर उभा नव्हता. पण ज्याला थैली द्यावयाची होती त्याला ती देण्यास एक रात्र मिळाली, आणि ज्याला नाटकच पाहावयाचे होते त्याला खर्चाची लाज वाटेनाशी झाली. त्यात भर ही, की गंधर्व मंडळी त्या सुमारास स्वतःच कर्जात बुडत चालली होती. स्वतःच्या डोक्यावर कर्ज असताना त्या रात्रीचा गल्ला दुसरीकडे जात आहे, हे लोक पाहत होते.

मौज अशी, की नाटक कोणते निवडले? मानापमानाचे सारे कथानकच श्रीमंतीच्या तोऱ्याविरुद्ध आहे. श्रीमंत घरची भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला पैसा नाही म्हणून झिडकारते, आणि पुढे गरीब मुलीचे सोंग घेतल्यावर तिला त्याची खरी किंमत कळते. दागदागिन्यांनी मढलेला लक्ष्मीधर हास्यास्पद ठरतो. शंभराच्या खुर्चीत बसून लक्ष्मीधराला हसणाऱ्यांपैकी कितीजण स्वतःला धैर्यधराच्या बाजूचे समजत होते हे सांगवत नाही. बहुधा सारेच. थिएटरात हा चमत्कार नेहमी घडतो.

प्रयोग कसा झाला? रंगला, एवढे सर्व सांगतात. कोण सरस ठरले याविषयी मात्र दोन पंथांचे दोन निकाल आहेत आणि ते अजून एक झालेले नाहीत. केशवरावांचे चाहते म्हणत, की त्या रात्री धैर्यधराने नाटक खिशात घातले. गंधर्वांचे चाहते म्हणत, की भामिनी समोर होती म्हणून धैर्यधर तसा पेटला. मला तर वाटते, की या वादात कोणालाच निकाल नको होता. यशाची नशा उतरण्याच्या आत दोन्ही मंडळींनी मिळून सौभद्राचाही संयुक्त प्रयोग केला. आणि मग ते सारे संपले. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, त्या रात्रीनंतर तीन महिनेही पुरते झाले नव्हते तेव्हा, केशवराव विषमज्वराने गेले. वय ३१. बालगंधर्व पुढे ४६ वर्षे जगले, १९६७ साली निवर्तले, पण ती जोडी पुन्हा होणे नव्हते. त्या तिकिटाची किंमत आठवणीत वाढत गेली याचे हेही एक कारण आहे. केशवरावांचे नाव दिलेले कोल्हापूरचे नाटकगृह, शाहू महाराजांनी १९१५ साली बांधविलेले पॅलेस थिएटर, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या मराठी मंडळींपैकी कोल्हापूरकडचे जे कोणी होते, ते उशिरापर्यंत एकमेकांना दूरध्वनी करीत होते.

सरकारलाही नाटकाच्या तिकिटाचे महत्त्व लवकरच कळले. संयुक्त मानापमानानंतर दोनच वर्षांनी, १९२३ साली, मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा झाला. आज वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत नाटकाचे तिकीट पाचशे रुपयांपर्यंत असेल तर कर लागत नाही. २०१८ साली ही मर्यादा अडीचशेवरून पाचशेवर नेण्यात आली. या आकड्यात एक न बोललेला निवाडा आहे. पाचशेपर्यंतचे नाटक सर्वांचे समजावयाचे आणि पाचशेच्या पलीकडचे हौशीचे. करविभागातील ज्या कोणी ही रेघ ओढली त्याने नाट्यशास्त्र वाचले असेल किंवा नसेल, पण कोव्हेंट गार्डनचा पिट त्याला समजला असता.

आमच्या बागेतील वादाकडे पाहताना मला दोन्ही बाजूंविषयी थोडे बोलावयाचे आहे. आयोजकांवर रागावणे सोपे आहे. पुण्याच्या नाटकगृहात जे नाटक बेताच्या दरात होते तेच बंगळूरला आणावयाचे म्हणजे नेपथ्याची मालमोटार, नटांचा प्रवास, उतरण्याची सोय, सभागृहाचे भाडे, आणि हे सारे एका किंवा दोन प्रयोगांतून काढावयाचे. येथे सोमवारी दुसरा खेळ लावता येत नाही. प्रसिद्ध नट नसेल तर सभागृह निम्मे भरते, आणि तो असेल तर त्याचे मानधन दरात मिसळते. नट लोभी आणि आयोजक लबाड, असा निकाल देण्याइतके हे सरळ नाही. परंतु तरुण अभियंत्याची हॉटेलच्या जेवणाशी केलेली तुलनाही मला पटली नाही. जेवण आपण आपल्यापुरते घेतो. नाटकात शेजारी कोण बसले आहे याने नाटक बदलते. सगळे एकाच पगाराचे प्रेक्षक बसले, की हशा एकाच जागी पडतो आणि टाळी एकाच वाक्याला येते. जुन्या नटांना पिटाची भीती वाटे आणि ओढही वाटे, ती उगाच नव्हे.

याच शहरात दुसराही एक मार्ग दिसतो. जे. पी. नगरात रंगशंकरा हे नाटकगृह २००४ साली उघडले. कन्नड नट शंकर नाग यांच्या स्मरणार्थ ते उभारण्यात अरुंधती नाग यांनी आपली वर्षे घातली. त्यांची रंगभूमीवरची सुरुवात मुंबईच्या मराठी आणि गुजराती नाटकांतून झालेली आहे. शंकर नाग आपल्याकडच्या लोकांना ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटामुळे ठाऊक असतील. तेथे आधीपासून धोरण असे, की तिकीट परवडावे आणि वेळ चुकवू नये. तिसरी घंटा झाल्यावर मंत्री आला तरी दार उघडत नाही, असे म्हणतात. इलेक्ट्रॉनिक सिटीतून तेथे जाणे हा पूर्वी एक प्रवासच होता. १० ऑगस्ट २०२५ रोजी पिवळ्या मार्गाची मेट्रो सुरू झाल्यापासून गाडीभाड्याचा प्रश्न तरी सुटला आहे. तिकिटापेक्षा रिक्षा महाग, ही आमची नेहमीची तक्रार होती. बंगळूरच्या नाटकाच्या खर्चात ती बाब कोणी धरीत नाही.

आता माझ्या घराचा संबंध. माझे पणजोबा १९२१ साली गिरगावात राहत आणि एका कापडाच्या पेढीत कारकून होते. त्यांनी संयुक्त मानापमान पाहिले, ही आमच्या कुळाची मोठी प्रतिष्ठेची गोष्ट होती. लग्नकार्यात, बारशात, कोठेही नाटकाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणावयाचे, "आमच्याकडे तर संयुक्त मानापमान पाहिलेला माणूस होता." मी लहानपणापासून हे ऐकत आलो आणि शाळेत सांगतही आलो. नंतर लक्षात आले, की हे सांगणारी घरे महाराष्ट्रात फार आहेत. सोळा हजारांचे उत्पन्न आणि तिकिटाची सरासरी पंधरा रुपये धरली, तरी प्रेक्षक हजार-अकराशेच भरतात. त्या रात्री थिएटरात होतो असे सांगणारे सगळे खरे मानले, तर अख्ख्या ग्रँट रोडवर खुर्च्या मांडाव्या लागल्या असत्या.

कामगार कचेरीचा तो अहवाल प्रथम वाचला तेव्हा मी पणजोबांचा पगार त्याच्या शेजारी मांडून पाहिला. घरात त्यांची एक जुनी वही आहे. तीत दरमहा चाळीस रुपये प्राप्ती, खोलीचे भाडे, धाकट्या भावाची फी आणि गावी पाठवावयाची मनिऑर्डर हे सारे लिहिलेले आहे. जुलै १९२१ चे पान मी नीट पाहिले. त्यात नाटकाची नोंद नाही. फंडाला दिलेला एक रुपया मात्र आहे.

ते आत गेले नसतील, हे मी घरात अजून कोणाला सांगितलेले नाही. पण आजीकडून ऐकलेले त्यांचे वर्णन आता मला निराळ्या रीतीने आठवते. ग्रँट रोडवर गाड्यांची रांग कोठपर्यंत लागली होती, कोणत्या शेठच्या घोड्यांना कसला साज होता, दारावरच्या दिव्यांत लोकांचे चेहरे कसे दिसत होते, आणि रस्त्याच्या पलीकडे माणसे किती दाटीने उभी होती, हे सारे ते तपशीलवार सांगत. मध्येच आतून टाळ्यांचा कडकडाट झाला की बाहेरचे लोक, काय झाले ते कळले नसताही, एकमेकांकडे पाहून हसत. "आणि मग?" असे आजी विचारी. तेव्हा ते म्हणत, "मग काय, उजाडेपर्यंत कोणी हलले नाही."